मावशींचं कोरं पान

आमच्या शिवणकारखान्यात सकाळची प्रार्थना आठ वाजून दोन मिनिटांनी सुरू व्हायची आणि आठ वाजून सहा मिनिटांनी संपायची. पहिली दोन मिनिटं उशिरा येणाऱ्यांसाठी, पुढची चार देवासाठी. देवाला चार मिनिटं पुरतात, वेळ खातात ती माणसं, असं मी म्हणायचे आणि माझ्या या विनोदावर चौदा बाया रोज हसायच्या. सुपरवायझरच्या विनोदाला हसणं हे कामातच धरलेलं असतं.

चौदांतल्या निम्म्याहून जास्त बाया ख्रिस्ती नव्हत्या. पण सुपरवायझर ख्रिस्ती होती, त्यामुळे मान खाली घालायला कोणाची हरकत नसायची. मालकांचं देवाशी काही देणंघेणं नव्हतं. प्रार्थनेमुळे बाया वेळेवर येतात एवढं त्यांनी पाहिलं होतं, आणि तेवढं त्यांना पुरे होतं.

प्रार्थनेनंतर वही. काळ्या पुठ्ठ्याची, जाडजूड, प्रत्येकीच्या नावाचं एकेक पान असलेली चुकांची वही. काल कोणाची कॉलर वाकडी बसली, कोणी काज मोठं पाडलं, कोणी चहाला उठून बारा मिनिटं लावली, सगळं तारखेनिशी. मी नाव वाचायचे, ती बाई उभी राहायची, मी चूक वाचायचे आणि शेवटी विचारायचे, ''काही सांगायचंय?'' सोळा वर्षांत कोणाला काही सांगायचं नव्हतं. मला वाटायचं, याला म्हणतात शिस्त.

ही पद्धत माझी नव्हे, माझ्या बाबांची. बाबा शाळामास्तर, आणि रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचे. शनिवारी संध्याकाळी जेवणं झाली की आम्हा पाच भावंडांना भिंतीशी ओळीने उभं करून ते आठवड्याच्या चुका वाचत. ''ही माझी छोटी वही,'' म्हणत, ''वरच्याकडे मोठी आहे. तिच्यात खाडाखोड होत नाही.'' धाकटा भाऊ घाबरून रडायचा. मी रडत नसे. माझ्या नावावर कमी चुका असत, कारण इतरांच्या चुका बाबांना मीच पुरवत असे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आमच्या घरात मी सर्वांत आधी शिकले.

बाबांनी स्वतःच्या हाताने एक लाकडी पाटी कोरली होती: 'तो पाहतो आहे.' ते गेल्यावर भावंडांनी कपाट, घड्याळ, खुर्च्या वाटून घेतल्या. मी पाटी मागितली. ती कारखान्यात कापायच्या टेबलावरच्या भिंतीला लावली. माझी काचेची केबिन आठ पायऱ्या वर, तिथून सगळी मशीन्स दिसायची. आमच्याकडे काज करणारी एक मुलगी आहे, तिला सगळ्या काजवालीच म्हणतात. तिच्या जिभेला हाड नाही. ती म्हणायची, ''वर एक बघतोय, अर्ध्या वाटेवर एक बघतेय, आम्ही मेलं नाक कधी पुसायचं?'' हे वाक्यही मी तिच्या पानावर लिहिलं होतं.

त्या वहीत एकच पान कोरं होतं. मावशींचं.

मावशी थर टाकायच्या. लांबच लांब टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, कडेला कड, चुणी नाही, ताण नाही, मग वर कागदाचा साचा ठेवून एकदम सगळे थर कापायचे. बाहेरून कोणाला वाटेल, चादर तर अंथरायची, त्यात काय. पण थर बोटभर सरकला तर चाळीस बाह्या वाकड्या. मावशी साठीला टेकल्या होत्या, एक गुडघा दुखायचा, आणि तरी सोळा वर्षांत त्यांचा थर सरकला नव्हता. गळ्यात टेप, दातात टाचणी, आणि बोलणं मोजकं. नव्या मुली आल्या की काजवाली त्यांना वही दाखवायची, मावशींचं पान उघडून. ''हे बघ, असंही असतं,'' म्हणायची. मावशी तिकडे बघायच्या नाहीत. पण बघत नाहीत हे कळावं इतपत मान वळवायच्या.

तर एका मोठ्या सभागृहाच्या गायकवृंदासाठी चव्वेचाळीस झगे शिवायचं काम आलं. कापड मखमल, रंग गडद डाळिंबी. मखमलीला लव असते. हात एका बाजूने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर हाताला अडते. आणि लव वर जाते की खाली त्यावर रंग बदलतो. एका बाजूने तो गडद दिसतो, दुसऱ्या बाजूने फिका. म्हणून मखमलीचे सगळे थर एकाच दिशेने टाकायचे. एक थर टाकायचा, टोकाला कापड कापायचं, रिकाम्या हातांनी पुन्हा सुरुवातीला चालत यायचं आणि दुसरा टाकायचा. साध्या कापडाला ही कटकट नसते. जाताना एक थर, येताना दुसरा, निम्म्या वेळात काम.

तो शुक्रवार होता. कापणारा मास्टर बाहेरचा, तीन वाजता येऊन थांबणार होता आणि पाचला जाणार होता. दोन वाजता मी केबिनमधून पाहिलं, तर मावशी टेबलाच्या शेवटाकडून रिकाम्या हातांनी, गुडघा सांभाळत, सावकाश परत येत होत्या. टेबलावर थर झाले होते जेमतेम सहा. माझं डोकं फिरलं. मी जिन्यावर येऊन ओरडले, ''मावशी, फिरायला आलात का? जाता-येता टाका. ते सहा उचला आणि पहिल्यापासून टाका.''

त्यांनी वर पाहिलं. ''मॅडम, मखमल आहे.''

''मला शिकवू नका. मास्टर पाचला जातो. जाता-येता म्हणजे जाता-येता.''

मावशींनी दातातली टाचणी काढून मनगटावरच्या टाचण्यांच्या गादीला खोचली. मग कापडाचं टोक उचललं आणि मी सांगितलं तसं टाकायला लागल्या. खरं सांगते, मखमल हा शब्द मी ऐकला होता, त्याचा अर्थही कळला होता. पण जिन्यावरून ओरडलेला हुकूम पायऱ्या उतरून मागे घ्यायचा, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. बाबांनी तर नाहीच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला उंटावरून उतरता येत नाही, हीच मोठी पंचाईत.

मास्टर आला, वरचा थर पाहिला, साचा ठेवला आणि कापून गेला. पुढच्या गुरुवारी चव्वेचाळीस झगे दांड्यांवर ओळीने टांगले आणि वरचे मोठे दिवे लावले. बावीस गडद, बावीस फिके. एकाआड एक. आंधळ्यालाही दिसलं असतं.

मालक तपासायलाच आले होते. त्यांनी एका झग्यावरून हात फिरवला, दुसऱ्यावरून फिरवला. कापडातलं त्यांना कळतं. त्यांनी मान न वळवता विचारलं, ''थर कोणी टाकला?''

मशीन्स थांबली. मी त्यांच्या उजव्या हाताला उभी होते, मावशी टेबलापाशी.

''मावशींनी,'' मी म्हणाले.

एवढंच. एक शब्द, आणि तोही खरा. थर मावशींनीच टाकला होता. मी पुढचं वाक्य म्हणणार होते, अगदी ओठांवर होतं, असं मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला सांगून पाहिलं. नव्हतं. ओठांवर काही नव्हतं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बस यायची आहे आणि ती येईलच, असं रस्त्याकडे बघतात ना, तशा त्या बघत होत्या. मी झग्यांकडे पाहत राहिले, मूग गिळून.

''या वयात नजर जाते,'' मालक म्हणाले. ''शनिवारपर्यंत ठेवा. सोमवारपासून दुसरी कोणी बघा.''

शुक्रवारी सकाळी प्रार्थना झाली. आठ वाजून सहा मिनिटांनी मी वही उघडली. आदल्या दिवशी केबिनमध्ये बसून मी मावशींच्या कोऱ्या पानावर पहिली ओळ लिहिली होती. अक्षर चांगलं आलं होतं, हे मला आठवतं आणि त्याची लाज वाटते. 'मखमलीचा थर उलट-सुलट टाकला. चव्वेचाळीस झगे वाया.' मी नाव वाचलं. मावशी उभ्या राहिल्या, एक हात टेबलावर टेकून. मी ओळ वाचली. मग सवयीने, अगदी सवयीने, विचारलं, ''काही सांगायचंय?''

''वहीत लिहिलंय ना, मॅडम,'' मावशी म्हणाल्या आणि खाली बसल्या. शनिवारी त्यांनी टाचण्यांची गादी धुऊन, वाळवून, टेबलाच्या खणात ठेवली आणि त्या गेल्या.

घरी मी शनिवारी जेवणात मीठ दोनदा घातलं. माझा नवरा बस चालवतो, आणि घरी मला 'साहेब' म्हणतो. त्याने ताट सरकवलं. ''साहेब, आज काय समुद्र वाढलाय?'' मी हसले नाही म्हटल्यावर तो गंभीर झाला, आणि मग मी त्याला सगळं सांगितलं. म्हणजे, निम्मं सांगितलं. मावशींची चूक झाली, मालकांनी काढलं, वाईट वाटतंय.

''सोळा वर्षांत न चुकलेली बाई मखमलीत चुकली?'' तो म्हणाला. बस चालवणाऱ्यांना वळणं बरोबर कळतात. ''तुला विचारून टाकला असेल ना थर?''

मग उरलेलं निम्मंही सांगावं लागलं.

''चोर सोडून संन्याशाला फाशी,'' तो म्हणाला.

''मी काय खोटं बोलले का?''

''तेच तर. खोटं बोलली असतीस तर पकडता तरी आलं असतं.'' तो ताट उचलून उठला. ''लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. तुझे वडील कोण आणि तुझा देव कोण, हे मला अजून वेगळं सांगता येत नाही. दोघंही वही घेऊनच बसलेले. त्यांना तू भितेस, आणि बाया तुला.''

मी त्याच्यावर चिडले. तू काय चर्चला जातोस, तुला काय कळतं, वगैरे. चोराच्या मनात चांदणं. तो पाणी पिऊन झोपला आणि मी जागी राहिले. मोठ्या वहीत माझ्या नावाचं पान असेलच, त्यावर काय काय लिहिलं असेल, आणि अक्षर कसं असेल, एवढंच डोक्यात येत होतं.

रविवारी चर्चला गेले ती याच भीतीने. आमचे पाळक नवे आहेत, तरुण, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. झग्याची खालची दुमड उसवलेली होती आणि माझं अर्धं लक्ष तिकडेच. ते त्या पहिल्या बागेची गोष्ट सांगत होते. मनाई केलेलं फळ खाऊन पहिला माणूस आणि त्याची बायको झाडांत लपलेत, अंगाला पानं शिवून, आणि संध्याकाळच्या गारव्यात देव बागेत येतो. ही गोष्ट मला पाठ. बाबा ती सांगायचे तेव्हा देव दारातूनच गरजायचा.

''देवाने आल्या आल्या काय केलं?'' पाळक म्हणाले. ''यादी वाचली नाही. त्याने विचारलं, तू कुठे आहेस. त्याला काय झाडं आडवी येणार होती? पण त्याने विचारलं. स्वतःहून बाहेर यायला जागा ठेवली.''

मी दुमडीवरून नजर काढली.

''आणि माणूस काय म्हणाला? या बाईने मला दिलं. आता हे खोटं आहे का? शब्द न् शब्द खरा आहे. पण तो खऱ्यामागे लपलाय. झाडापेक्षा ते लपणं वाईट.''

माझे कान गरम झाले. कोणीतरी जाऊन यांना सांगितलं की काय, असं क्षणभर वाटलं.

''मग देवाने परिणाम सांगितले. ते टाळले नाहीत, टळणारे नव्हतेच. पण बागेबाहेर पाठवण्याआधी एक गोष्ट केली, ती आपण घाईत वाचून पुढे जातो. त्याने दोघांसाठी कपडे केले. पानांचे नाहीत, टिकणारे. आणि स्वतः त्यांच्या अंगावर घातले. उघडे पडलेल्यांना तसंच उघडं बाहेर काढलं नाही.''

मी तीस वर्षं कपडे शिवते. ती गोष्ट मी पन्नासदा तरी वाचली असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. देव शिवायला बसला होता, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. बाबांच्या गोष्टीत तो हाकलून देऊन दार लावायचा, आणि त्या दारापाशी बाबा वही मिटायचे. मी तेवढाच देव उचलला, पाटीसकट कारखान्यात आणला आणि त्याच्या नावाने सोळा वर्षं बायकांना उभं करून उघडं पाडलं. मावशींना तर माझं स्वतःचं पाप नेसवून उभं केलं. बाकावर बसल्या बसल्या मला रडू फुटलं. शेजारच्या बाईंना वाटलं, माझं कोणी गेलं.

चर्चमधून मी थेट मावशींकडे गेले. वाटेत बिस्किटांचा डबा घेतला. का घेतला, काय माहीत. रिकाम्या हातांनी जायचं धाडस नव्हतं. मावशी दुसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात. एक खोली, खिडकीत एक कुंडी, टेबलावर कापड अंथरलेलं, चारही बाजूंनी सारखं लोंबणारं. त्यांनी दार उघडलं, मला बघून दचकल्या नाहीत, आत घेतलं आणि चहा ठेवला.

''मावशी, माफी मागायला आलेय. ती चूक माझी होती. मीच तुम्हाला तसं टाकायला सांगितलं.''

''माहीत आहे,'' मावशी म्हणाल्या. ''मी तिथेच होते.''

''तुम्ही मालकांसमोर बोलला का नाहीत?''

''तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते.'' त्यांनी चहा गाळला. ''रोज सकाळी विचारता ना, काही सांगायचंय? मला वाटलं, आज स्वतःला विचारतील.''

मी रडायला लागले. मावशींनी मला रडू दिलं. थोपटलं नाही, पाणी दिलं नाही. मी डोळे पुसून म्हणाले की मला फार वाईट वाटतंय, मनापासून वाटतंय, देवासमोरही मी कबूल केलंय.

''बरं केलंत,'' त्या म्हणाल्या. ''पण इथे कशाला सांगता, मॅडम? इथे सगळ्यांना माहीत आहे.'' त्यांनी त्या रिकाम्या खोलीभर नजर फिरवली. ''वाचलंत सगळ्यांसमोर आणि माफी मागताय एका खोलीत. हे पण उलट-सुलटच झालं.''

चहा कसा संपवला ते आठवत नाही. निघताना त्यांनी डबा हातात परत दिला नाही, पण उघडलाही नाही.

सोमवारी मी मालकांना आठ वाजता यायला सांगितलं. माझी पाचावर धारण बसली होती. आठ वाजून दोन मिनिटं झाली, बायांनी माना खाली घातल्या, आणि मी प्रार्थना केली नाही. तोंड उघडलं असतं तर नेहमीची चार मिनिटं ऐकवून देवाच्या मागे लपले असते. मी कापायच्या टेबलापाशी, पाटीच्या खाली उभी राहिले.

''मखमलीचा थर उलट-सुलट टाकायला मी सांगितलं,'' मी म्हणाले. ''मावशींनी अडवलं होतं. मी ऐकलं नाही. साहेब, तुम्ही विचारलंत तेव्हा मी अर्धं सांगितलं आणि मावशींना जाऊ दिलं. चूक माझी. शिक्षा मला करा.''

मालकांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. ते काही बोलायच्या आत काजवाली म्हणाली, ''आम्हाला माहीत होतं.''

''काय माहीत होतं?''

''तुम्ही जिन्यावरून ओरडलात ते. सगळ्यांनी ऐकलं. मशीनच्या आवाजातही तुमचा आवाज येतो, मॅडम.''

मी एकेकीकडे पाहिलं. एकीनेही नजर चुकवली नाही. मावशी सोडून तेरा जणी, तेराही जणींना माहीत होतं.

''मग गुरुवारी एकीलाही बोलता आलं नाही?'' हे विचारताना माझाच आवाज मला परका वाटला.

''कुठे बोलायचं?'' काजवाली म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. ''काही सांगायचंय विचारता तेव्हा तुमच्या हातात वही असते. उघडी.''

कोणाला काही सांगायचं नसतं, याला मी शिस्त म्हणत होते. ती भीती होती, आणि ती मी सोळा वर्षं, रोज, देवाचं नाव घेऊन, बारीक टाक्याने शिवली होती. एका निरपराध बाईला बाहेर काढताना ती कुठेही उसवली नाही, इतकी पक्की.

मला काहीतरी करायलाच हवं होतं. मी वही उघडली आणि सगळ्यांच्या देखत मावशींचं पान टर्रकन फाडलं. चोळामोळा करून चिंध्यांच्या पोत्यात टाकलं. दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. मला हलकं वाटलं, चार दिवसांत पहिल्यांदा. तिथेच माझं पुन्हा चुकलं.

मालक म्हणाले, ''केबिन रिकामी करा. उद्या नवी मखमल येतेय. झगे पुरे होईपर्यंत खाली टेबलावर काम करायचं. मग तुमचं काय करायचं ते बघतो.'' मावशींना बोलवायला मी जाते म्हटलं, तर म्हणाले, ''तुम्ही नको.'' काजवाली गेली.

मंगळवारी मावशी आल्या, आठला पाच कमी असताना. गळ्यात टेप. बाया त्यांच्याभोवती गोळा झाल्या. काजवालीने माझी कबुली त्यांना साभिनय ऐकवली होतीच, माझ्या आवाजासकट; पानाचं तेवढं सांगायचं राहिलं होतं. मावशींनी खणातून टाचण्यांची गादी काढली, मनगटाला बांधली आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

''माझं पान बघू.''

''फाडलं, मावशी,'' मी म्हणाले. मला वाटलं, ही त्यांच्यासाठी आनंदाची बातमी आहे. ''सगळ्यांसमोर फाडलं. आता तुमच्या नावावर काही नाही.''

मावशींचा चेहरा पडला. गुरुवारी, शुक्रवारी, त्यांच्या खोलीत, कुठेच पडला नव्हता, तो आता पडला.

''काही नाही?'' त्या म्हणाल्या. ''सोळा वर्षं होती त्यावर. ते कोरं ठेवायला काय लागतं, तुम्हाला माहीत आहे? मुलीचं लग्न मोडलं तेव्हा कोरं. हे गेले त्या आठवड्यात कोरं. गुडघ्यात सुई घेऊन आले त्या दिवशी कोरं. तुम्ही लिहिलेली ओळ तुमची होती. बाकी सगळं पान माझं होतं.'' त्यांनी वहीकडे बोट केलं. ''स्वतःला मोकळं वाटावं म्हणून माझं पान फाडलंत. मला विचारलंत?''

नव्हतं विचारलं. पश्चात्तापातसुद्धा मी जिन्यावरूनच ओरडले होते.

मी चिंध्यांचं पोतं जमिनीवर उलटं केलं आणि गुडघ्यांवर बसले. डाळिंबी मखमलीच्या कातरणांत, दोऱ्यांच्या गुंत्यात, चहाच्या कागदी पेल्यांत शोधत राहिले. कोणी मदतीला आलं नाही, आणि कोणी येऊ नये असंच मला वाटत होतं. दहा मिनिटांनी तो कागदाचा बोळा सापडला. मावशींनी तो माझ्या हातातून घेतला, इस्त्रीच्या टेबलावर नेला, वर सुती फडका घातला आणि हलक्या हाताने इस्त्री केली. मग पान माझ्यापुढे ठेवलं.

''खाली खरं लिहा. आणि जिथलं तिथे लावा.''

मी लिहिलं: 'वरची चूक माझी. जाता-येता टाका असं मी सांगितलं. मावशींनी अडवलं होतं.' खाली सही केली. त्या वहीत माझ्या नावाचं पान नव्हतं. सोळा वर्षांत मला ते कधी खटकलंही नव्हतं. माझं नाव त्या वहीत पहिल्यांदा आलं ते मावशींच्या पानावर, उसन्या जागेत.

मग सुईत दोरा ओवला. फाटलेल्या कडेला वहीच्या शिवणीशी पान जोडून टाके घालायला बसले. कापडाचं चालतं, कागदाचं नाजूक असतं, ओढलं की फाटतं. डोळ्यांत पाणी होतं, नीट दिसत नव्हतं. आठ वाजून दोन मिनिटं, सहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. तेरा जणी भोवती उभ्या होत्या. मी शेवटचा टाका घातला, दोरा तोडला आणि वही मावशींपुढे सरकवली.

मावशींनी शिवणीवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग खालून वर.

''टाके लांब पडलेत,'' त्या म्हणाल्या. ''उसवा.''

मी उसवले. सुईत नवा दोरा घेतला. पान सुईबरोबर वर उचललं जात होतं. मावशींनी टाचण्यांची गादी मनगटावर मागे सरकवली, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि दोन्ही तळव्यांनी ते पान दाबून धरलं.

''आता घाला,'' म्हणाल्या.